टीबीनंतर फुफ्फुसात होणारी बुरशी (सीपीए) आणि तिची औषधे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टीबी होऊन गेलेल्या फुफ्फुसात अ‍ॅस्परजिलस नावाच्या बुरशीचा दीर्घकालीन संसर्ग झालेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. डोसचे आकडे आपली चिठ्ठी समजून घेता यावी यासाठी दिले आहेत. त्यांवरून स्वतः औषध सुरू करू नये, बदलू नये किंवा थांबवू नये.

१. सीपीए म्हणजे नेमका कोणता आजार? बुरशी फुफ्फुसात आली कुठून?

क्रॉनिक पल्मनरी अ‍ॅस्परजिलोसिस हे त्याचे पूर्ण नाव. अ‍ॅस्परजिलस, त्यातही बहुतेकदा अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस, ही बुरशी माती, कुजका पालापाचोळा, शेणखत, भिजलेला कडबा, ओल आलेल्या भिंती अशा सर्व ठिकाणी वाढते आणि तिचे दोन-तीन मायक्रॉन आकाराचे बीजाणू आपण सगळेच रोज श्वासावाटे आत घेतो. निरोगी फुफ्फुस त्यांचा बंदोबस्त करते. टीबीचे जंतू औषधांनी मेले तरी त्यांनी पोखरलेल्या जागी पोकळी उरते आणि अशा पोकळीत शरीराची संरक्षणयंत्रणा नीट पोहोचत नसल्याने बुरशीला तेथे जम बसवता येतो. १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये टीबीनंतर मोठी पोकळी उरलेल्या रुग्णांची तपासणी झाली, तेव्हा त्यांपैकी साधारण चौथ्या हिश्शाच्या रक्तात या बुरशीविरुद्धची प्रतिद्रव्ये आढळली होती. सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार), सारकॉइडोसिस (फुफ्फुसात सुजेच्या गाठी होणारा आजार) किंवा एबीपीए (याच बुरशीची फुफ्फुसातील अ‍ॅलर्जी) या आजारांनी खराब झालेल्या फुफ्फुसातही सीपीए होऊ शकतो.

आजार दुर्मीळ गणला जातो, परंतु भारतातील टीबीचे प्रमाण पाहता तो आपल्याकडे दुर्मीळ असण्यापेक्षा न ओळखला जाणारा अधिक आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजाने देशातील अशा रुग्णांची संख्या सुमारे २.९ लाख धरली होती.

२. घरात लहान मुले आहेत. माझ्या खोकल्यातून त्यांना हा आजार होईल का?

नाही. सीपीए एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही, त्यामुळे ताट-वाटी वेगळी ठेवण्याची किंवा वेगळ्या खोलीत झोपण्याची गरज नाही. मात्र टीबी पुन्हा उद्भवलेला नाही हे तपासण्यांतून स्पष्ट होईपर्यंत तोंडावर रुमाल किंवा मास्क ठेवावा.

३. कोविडच्या वेळी ‘काळी बुरशी’ म्हणून घाबरवत होते, ती हीच का?

ती वेगळी. २०२१ मध्ये महाराष्ट्रात ज्या आजाराने अनेकांचे डोळे आणि जबडे गेले तो म्युकरमायकोसिस. तो दिवसांच्या हिशेबाने पसरतो, अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइड यांच्याशी त्याचा निकटचा संबंध असतो आणि त्यावर अ‍ॅम्फोटेरिसिन-बी हे इंजेक्शन व शस्त्रक्रिया हे मुख्य उपाय असतात. सीपीए महिनोन्महिने संथपणे फुफ्फुस खात राहतो. औषधांतील फरकही महत्त्वाचा आहे: प्रश्न १६ मधील व्होरिकोनॅझोल म्युकरवर चालत नाही. म्हणून ‘फंगस आहे’ एवढे सांगून दुसऱ्या रुग्णाच्या उरलेल्या गोळ्या वापरणे धोक्याचे आहे.

४. सात वर्षांपूर्वी टीबीचा कोर्स पूर्ण केला. आता पुन्हा खोकला, वजन घटणे, थुंकीत रक्त. टीबी उलटला की बुरशी, हे कसे कळणार?

लक्षणांवरून कळत नाही. तीन महिन्यांहून अधिक काळ खोकला, थकवा, वजनात घट आणि अधूनमधून थुंकीत रक्त हे वर्णन दोन्ही आजारांना लागू पडते, आणि छातीच्या एक्स-रेत जुना डाग असतोच. त्यामुळे थुंकीत जंतू सापडलेला नसतानाही ‘टीबी उलटला’ असे गृहीत धरून दुसऱ्यांदा, कधी तिसऱ्यांदा टीबीची औषधे सुरू होतात. आमच्या मते या आजारात रुग्णाचा सर्वाधिक काळ येथेच वाया जातो.

थुंकीची सीबीनॅट तपासणी (टीबीच्या जंतूचा जनुकीय शोध) आणि कल्चर (जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहणे) हे पहिले पाऊल आहे आणि ते टाळू नये. या तपासण्यांत टीबीचा जंतू सापडला नाही, तर डॉक्टरांना अ‍ॅस्परजिलस आयजीजी (या बुरशीविरुद्धची प्रतिद्रव्ये मोजणारी) या रक्तचाचणीविषयी आणि छातीच्या सीटी स्कॅनविषयी विचारावे. स्कॅनमध्ये पोकळीच्या भिंती जाड झालेल्या, शेजारचे फुफ्फुसाचे आवरण जाडावलेले, आणि काही वेळा पोकळीत एक गोळा व त्याच्या वरच्या अंगाला हवेची काळी चंद्रकोर दिसते. पालथे झोपवून स्कॅन केल्यास हा गोळा पोकळीत जागा बदलताना दिसू शकतो. जुने एक्स-रे टाकून देऊ नयेत, कारण पोकळी नवी झाली की जुनीच वाढली हे ताडण्यासाठी पाच वर्षांपूर्वीची फिल्म आजच्या स्कॅनइतकीच उपयोगी पडते.

५. आयजीजी पॉझिटिव्ह आली, पण थुंकीत बुरशी उगवली नाही. मग रिपोर्ट कोणता खरा?

दोन्ही खरे असू शकतात. थुंकीच्या कल्चरमध्ये ही बुरशी न उगवणे नेहमीचे आहे, त्यामुळे तेवढ्यावरून सीपीए नाकारता येत नाही. उलटपक्षी केवळ आयजीजी पॉझिटिव्ह आहे म्हणूनही औषध सुरू करत नाहीत. किमान तीन महिन्यांची लक्षणे किंवा स्कॅनमधील वाढता बिघाड, स्कॅनवरील विशिष्ट चित्र, बुरशीचा प्रयोगशाळेतील पुरावा आणि इतर आजार नसल्याची खात्री या सर्वांची सांगड घालून निदान होते. आयजीजीची कोणती पातळी ‘जास्त’ मानायची हे यंत्रागणिक बदलते, आणि चंदीगडच्या पीजीआयमधील संशोधकांना भारतीय रुग्णांसाठी प्रचलित मर्यादेपेक्षा खालची मर्यादा योग्य वाटली आहे. म्हणून सीमारेषेवरचा आकडा ‘नॉर्मल’ समजून फाइल बंद करू नये.

६. स्कॅनमध्ये बुरशीचा गोळा आहे, पण मला काहीच त्रास नाही. औषध घ्यायलाच हवे का?

एकाच पोकळीत एकच गोळा, लक्षणे नाहीत आणि काही महिन्यांच्या अंतराने काढलेल्या स्कॅनमध्ये बदल नाही, अशा स्थितीला साधा अ‍ॅस्परजिलोमा म्हणतात आणि अनेकदा केवळ लक्ष ठेवले जाते. त्यातून रक्त पडू लागले आणि उरलेले फुफ्फुस शस्त्रक्रिया सोसण्याइतके चांगले असले, तर तो भाग काढून टाकणे हा सर्वांत खात्रीचा उपाय ठरतो. गोळ्या-औषधांनी तयार गोळा विरघळून नाहीसा होईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. टीबीने दोन्ही बाजू खराब झालेल्या रुग्णांत शस्त्रक्रियेचा धोका बराच वाढतो, म्हणून हा निर्णय छातीच्या सर्जनसह घ्यावा.

७. कोणते औषध देतात आणि किती महिने?

बहुतेकांना प्रथम इट्राकोनॅझोल देतात, प्रौढांत सामान्यतः २०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. ते सोसवत नसल्यास किंवा लागू पडत नसल्यास व्होरिकोनॅझोलचा विचार होतो. व्होरिकोनॅझोल महाग आहे म्हणून अधिक गुणकारी असेल, असा समज आढळतो. परंतु चंदीगड येथेच झालेल्या आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत, आधी उपचार न घेतलेल्या रुग्णांमध्ये ते इट्राकोनॅझोलपेक्षा सरस ठरले नाही.

कालावधी पूर्वी किमान सहा महिने सांगितला जाई. पीजीआयच्या २०२२ मधील अभ्यासात १६४ रुग्णांची विभागणी सहा महिने आणि बारा महिने अशा दोन गटांत केली, तेव्हा दोन वर्षांच्या आत आजार उलटण्याचे प्रमाण सहा महिने औषध घेतलेल्यांत ३८ टक्के, तर बारा महिने घेतलेल्यांत १० टक्के आढळले. चौथ्या महिन्यात खोकला थांबला, वजन वाढले आणि माणूस कामावर जाऊ लागला की गोळ्या बंद करण्याचा मोह होतो, तेव्हा हे दोन आकडे आठवावेत. काही रुग्णांना याहूनही दीर्घकाळ औषध घ्यावे लागते.

८. इट्राकोनॅझोलची कॅप्सूल जेवणाआधी घ्यायची की नंतर?

साधी कॅप्सूल भरपेट जेवणाच्या मध्ये किंवा जेवण होताच घ्यावी. कॅप्सूल उघडून पाहिल्यास आत खसखशीसारखे बारीक दाणे दिसतात. औषध या दाण्यांवर चढवलेले असते आणि ते विरघळण्यासाठी जठरात आम्ल लागते, स्निग्ध अन्नही मदत करते. सकाळी नुसत्या चहाबरोबर घेतलेल्या कॅप्सूलमधील औषधाचा मोठा भाग शोषला न जाताच निघून जातो. म्हणून सकाळचा डोस न्याहारीऐवजी दुपारच्या जेवणाबरोबर आणि दुसरा रात्रीच्या जेवणाबरोबर घेणे बऱ्याच घरांत अधिक जमते; डॉक्टरांना विचारून तशा वेळा ठरवून घ्याव्यात. कॅप्सूल फोडून दाणे दुधात कालवू नयेत.

द्रवरूप इट्राकोनॅझोलचा नियम याच्या नेमका उलट आहे, ते रिकाम्या पोटी घ्यायचे असते. व्होरिकोनॅझोलच्या गोळ्याही जेवणाच्या किमान तासभर आधी किंवा तासाभराने घेतात.

९. पित्ताची गोळी रोज घेतो. ती चालेल का?

साध्या इट्राकोनॅझोल कॅप्सूलबरोबर चालत नाही, आणि या पानावरील सर्वांत अधिक उपयोगी उत्तर कदाचित हेच असेल. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल ही औषधे जठरातील आम्ल कमी करतात आणि आम्ल कमी झाले की कॅप्सूल विरघळत नाही. आपल्याकडे कोणत्याही चिठ्ठीच्या शेवटी ‘उपाशीपोटी एक’ अशी पित्ताची गोळी लिहिलेलीच असते, रुग्णही तिला औषध मानत नाही आणि ‘दुसरे काय घेता?’ या प्रश्नाच्या उत्तरात तिचा उल्लेख करत नाही. ती खरोखर आवश्यक असेल, तर डॉक्टर सुबा प्रकारचे इट्राकोनॅझोल (प्रश्न १२) निवडू शकतात किंवा कॅप्सूल कोलासारख्या आम्लयुक्त पेयाबरोबर घेण्यास सांगतात. मधुमेहींनी कोलातील साखर ध्यानात घ्यावी. जेल्युसिलसारखे पातळ अँटासिड घ्यायचेच असेल, तर त्यात आणि कॅप्सूलमध्ये काही तासांचे अंतर हवे. नेमके किती ते विचारून घ्यावे.

१०. एकादशीला किंवा नवरात्रात उपवास असतो. रमजानमध्ये रोजे असतात. तेव्हा काय करावे?

फराळाचा उपवास असल्यास अडचण नाही. शेंगदाण्याचे कूट आणि तूप घातलेली साबुदाण्याची खिचडी या कॅप्सूलच्या दृष्टीने उत्तम जेवण आहे. निर्जळी किंवा केवळ फळांवरचा उपवास मात्र औषध चालू असेपर्यंत टाळलेला बरा. रोजे धरणाऱ्यांनी सहरी आणि इफ्तारनंतरचे जेवण या दोन वेळा डॉक्टरांशी बोलून ठरवाव्यात. वजन फार घटले असेल, तर उपवासच नको.

११. रक्तातील औषधाची पातळी मोजायला सांगितली आहे. गोळ्या नियमित घेत असताना हा खर्च कशासाठी?

कारण तोच डोस घेणाऱ्या दोघांच्या रक्तात ही औषधे फार वेगवेगळ्या प्रमाणात पोहोचतात. इट्राकोनॅझोल सुरू करून साधारण दोन आठवडे झाल्यावर पातळी मोजतात आणि ती किमान ०.५ मिलिग्रॅम प्रति लिटर असावी अशी अपेक्षा असते. व्होरिकोनॅझोलसाठी पुढच्या डोसच्या अगदी आधीचे रक्त लागते आणि १ ते ५.५ ही पट्टी सर्वसाधारणपणे स्वीकारली जाते. पातळी कमी असताना ‘औषध लागू पडले नाही’ असा निष्कर्ष काढला, तर एक चांगले औषध विनाकारण हातचे जाते. आपल्या शहरात ही चाचणी होत नसली, तरी मोठ्या प्रयोगशाळा रक्ताचा नमुना बाहेर पाठवतात. परवडत नसल्यास निदान प्रश्न ८ व ९ मधील गोष्टी काटेकोरपणे पाळाव्यात.

१२. केमिस्टने दुसऱ्या कंपनीची ६५ मिलिग्रॅमची कॅप्सूल दिली. १०० ऐवजी ६५ म्हणजे डोस कमी झाला ना?

तसे असेलच असे नाही. पाकिटावर ‘सुबा’ लिहिले असल्यास ती अधिक चांगली शोषली जाणारी रचना असते आणि तिची ६५ मिलिग्रॅमची कॅप्सूल साध्या १०० च्या जवळपास काम करते. १३० ची साध्या २०० च्या जवळपास. तिला आम्लाची गरजही कमी लागते. चूक होते ती गणितात: कोणी १०० भरावेत म्हणून ६५ च्या दोन घेतो, तर कोणी साध्या १०० च्या जागी सुबा १०० घेतो. साध्या कॅप्सूलमध्येही दाण्यांची संख्या आणि दर्जा कंपनीगणिक बदलतो. म्हणून एकदा ज्या कंपनीच्या कॅप्सूलवर पातळी व्यवस्थित आली, तीच पुढे घेत राहावी, आणि बदल अपरिहार्य झाल्यास डॉक्टरांना कळवावे.

१३. बीपी, कोलेस्टेरॉल, मधुमेह, दम्याचा पंप असे सर्व चालू आहे. सोबत घेतले तर?

ही यादी पहिल्याच भेटीत पूर्ण दाखवावी, कारण बुरशीरोधक अ‍ॅझोल औषधे यकृतातील ज्या विकरांना (एन्झाइम) अडवतात, त्यांच्याच मार्गे असंख्य औषधांचा निचरा होतो. सिम्व्हास्टॅटिन व लोव्हास्टॅटिन चालत नाहीत आणि आपल्याकडे सर्रास दिले जाणारे अ‍ॅटोर्वास्टॅटिनही बहुधा बदलावे लागते. रोसुव्हास्टॅटिन हा पर्याय असतो. वॉरफेरिन घेणाऱ्यांत रक्त अधिक पातळ होते. अ‍ॅम्लोडिपिनने पायांची सूज वाढते. उलटीसाठी दिले जाणारे डॉम्पेरिडोन हृदयाच्या ठोक्यांत गडबड करू शकते, आणि ते ‘पॅन-डी’सारख्या गोळ्यांत पॅन्टोप्राझोलच्या जोडीने लपलेले असते. व्होरिकोनॅझोलबरोबर ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनी साखर एकदम उतरू शकते. फिट्सची कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, फिनोबार्बिटोन ही औषधे उलट दिशेने वागतात आणि बुरशीरोधक औषधाची पातळी पाडतात.

दम्याच्या पंपाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण ‘पंप थोडाच पोटात जातो’ असे म्हणून तो यादीतून सुटतो. ब्युडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोन असलेला पंप इट्राकोनॅझोलबरोबर महिनोन्महिने घेतल्यास ते स्टेरॉइड शरीरात साठते, चेहरा गोल होतो, साखर वाढते आणि शरीराची स्वतःची स्टेरॉइडनिर्मिती मंदावते. अशा वेळी बेक्लोमेथासोनचा पंप तुलनेने सुरक्षित असतो. आधीचा पंप मात्र आपण होऊन अचानक सोडू नये.

१४. टीबी आणि बुरशी दोन्ही एकाच वेळी निघाले तर?

येथे उपचारांची खरी कसोटी लागते. टीबीच्या औषधांतील रिफॅम्पिसिन यकृतातून होणारा औषधांचा निचरा इतका वाढवते की इट्राकोनॅझोल किंवा व्होरिकोनॅझोल रक्तात जवळजवळ उरतच नाही. डोस दुप्पट करूनही हे भरून निघत नाही, म्हणून ही जोडी देत नाहीत. टीबी सिद्ध झालेला असल्यास सामान्यतः तो आधी हाताळतात, आणि बुरशीचा उपचार थांबवण्यासारखा नसल्यास इंजेक्शनने देण्याची औषधे किंवा टीबीच्या औषधांतील बदल यांचा विचार तज्ज्ञ करतात. रिफॅम्पिसिन संपल्यावरही त्याचा परिणाम ओसरायला साधारण दोन आठवडे लागतात. प्रतिरोधी टीबीसाठी बेडाक्विलिन चालू असल्यास ईसीजीवर बारीक लक्ष ठेवावे लागते. टीबीची औषधे परस्पर बंद करणे हा या पेचावरचा उपाय कधीच नव्हे.

१५. इट्राकोनॅझोलने पाय सुजले आहेत. थांबवू का?

त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. सूज, वाढलेला बीपी आणि घटलेले पोटॅशियम हे त्रिकूट या औषधाने होऊ शकते, आणि हे औषध हृदयाची आकुंचनशक्तीही कमी करते. हृदय कमकुवत असल्याचे निदान पूर्वी झालेले असल्यास ते शक्यतो देतच नाहीत. सुजेबरोबर धाप लागत असेल, रात्री आडवे झोपता येत नसेल, तर पुढचा डोस न घेता तातडीने दवाखाना गाठावा. डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे आणि अन्नावरची वासना जाणे ही यकृताची लक्षणे समजावीत. लिव्हर फंक्शन टेस्ट औषधापूर्वी, मग महिन्याभरात आणि पुढे ठरावीक अंतराने करतात. बोटांना मुंग्या येणे किंवा बधिरपणा महिन्यांनंतर सुरू होऊ शकतो. वयाचा परिणाम म्हणून तो दुर्लक्षू नये.

१६. व्होरिकोनॅझोल सुरू केल्यापासून रंग विचित्र दिसतात, उजेड झगझगतो. डोळे खराब होत आहेत का?

बहुधा नाही. डोस घेतल्यानंतर थोड्या वेळाने असे होते, तासाभरात ओसरते आणि काही दिवसांनी सवयीचे होते. तोपर्यंत रात्री गाडी चालवू नये. भास होऊ लागल्यास मात्र पातळी वाढलेली असण्याची शक्यता असते, तेव्हा लगेच कळवावे. या औषधावर असताना त्वचा उन्हाने लवकर भाजते आणि वर्षानुवर्षे घेतल्यास त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो. शेतात, बांधकामावर किंवा रस्त्यावर काम करणाऱ्यांनी पूर्ण बाह्यांचा सदरा, टोपी आणि सनस्क्रीन यांत हयगय करू नये.

१७. थुंकीतून रक्त पडले तर घरी काय करावे?

थुंकीत रेषेपुरते रक्त दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. कपभर रक्त पडले, रक्त थांबत नसले किंवा श्वास कोंडत असला, तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. आजारी फुफ्फुसाची बाजू ठाऊक असल्यास त्याच कुशीवर झोपवावे, म्हणजे रक्त चांगल्या फुफ्फुसात उतरत नाही. रुग्णालयात रक्तस्राव कमी करणारे ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड देतात आणि गरज पडल्यास मांडीतून किंवा मनगटातून नळी घालून रक्तस्राव होणारी धमनी आतून बंद करतात. बुरशीची औषधे चालू असतानाही, विशेषतः सुरुवातीच्या महिन्यांत, रक्त पडू शकते.

१८. मूल हवे आहे. औषध चालू असताना गरोदर राहिले तर?

इट्राकोनॅझोल आणि व्होरिकोनॅझोल दोन्ही गरोदरपणात टाळतात. औषध चालू असताना आणि इट्राकोनॅझोल संपल्यावर किमान दोन महिने खात्रीचे गर्भनिरोधक वापरावे. दिवस गेल्याचे कळल्यास घाबरून न जाता लगेच स्त्रीरोगतज्ज्ञ आणि छातीचे डॉक्टर दोघांनाही भेटावे. उपचार अत्यावश्यक असल्यास अ‍ॅम्फोटेरिसिन-बीचा पर्याय असतो. स्तनपान चालू असल्यास तेही आधी सांगावे.

१९. मी शेतकरी आहे. गोठा, मळणी, खत सोडता येत नाही. आणि द्राक्षावरच्या फवारणीने बुरशी औषधाला दाद देत नाही, हे खरे का?

शेती सोडण्याची गरज नाही, पण काही कामे घरातल्या दुसऱ्याकडे सोपवावीत: कुजलेल्या कडब्याची गंजी उपसणे, शेणखताचा किंवा कोंबडखताचा ढीग हलवणे, धान्याची मळणी, जुने घर पाडणे. करावीच लागली तर घट्ट बसणारा एन-९५ मास्क वापरावा. तोंडाला गुंडाळलेले उपरणे बीजाणू अडवत नाही.

फवारणीच्या शंकेत तथ्य आहे. भुरीसाठी वापरली जाणारी हेक्साकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल ही औषधे आणि रुग्णाला दिले जाणारे इट्राकोनॅझोल एकाच कुळातील असून बुरशीच्या एकाच विकरावर घाव घालतात. पर्यावरणातून आलेली, अनेक अ‍ॅझोलना दाद न देणारी अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस भारतातही सापडली असून त्याविषयीचे संशोधन २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र याचा अर्थ आपल्याला झालेली बुरशी प्रतिरोधीच असेल असा नाही. फवारणी स्वतः करत असाल, तर ते डॉक्टरांना सांगावे आणि औषध लागू पडत नसल्यास बुरशी कल्चरमध्ये वाढवून तिची संवेदनशीलता तपासण्याविषयी विचारावे.

२०. सहा महिने झाले, पण आयजीजी अजून जास्तच आहे. औषध फुकट गेले का?

आयजीजी संथपणे उतरते आणि अनेकांत पूर्ण नॉर्मल होतही नाही, म्हणून केवळ तिच्यावर निर्णय घेत नाहीत. वजन वाढले का, खोकला आणि थकवा कमी झाला का, आणि सीटी स्कॅनमध्ये पोकळीची भिंत पातळ झाली का, हे पाहतात. जुनी पोकळी मिटत नाही, ती असणारच. खरोखर सुधारणा नसेल, तर क्रम असा असावा: गोळ्या चुकल्या का, जेवण व पित्ताच्या गोळीची चूक होते का (प्रश्न ८, ९), पातळी किती आहे (प्रश्न ११), दुसरे औषध आड येते का (प्रश्न १३), टीबी किंवा टीबीसारखा दुसरा जंतू सोबत आहे का, आणि मग प्रतिरोध. हे सर्व तपासल्यावर औषध बदलून व्होरिकोनॅझोल किंवा पोसाकोनॅझोल देतात, अथवा काही आठवडे शिरेतून मायकाफंजिन किंवा अ‍ॅम्फोटेरिसिन-बी देतात. औषध पूर्ण होऊन बंद केल्यानंतरही पहिली दोन वर्षे दर काही महिन्यांनी तपासणी करून घ्यावी, आणि खोकला किंवा वजनातील घट परतल्यास पुढच्या तारखेची वाट पाहू नये.